चोवीस बिअर, एक जीभ: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून काम सुरू. छोट्या प्रादेशिक ब्रुअऱ्यांच्या चोवीस क्राफ्ट बिअर चाखायच्या, प्रत्येकीवर अर्ध्या पानाचं परीक्षण लिहायचं आणि मार्च उजाडला की वही बंद करायची. एका बैठकीला तीनच, प्रत्येकी १०० मिली. चौथ्या पेल्यापासून माझी लेखणी उदार होते, हे जुन्या वह्यांत स्वच्छ दिसतं.

गुणपत्रिका स्पर्धांच्या परीक्षकांचीच घेतली आहे. एकूण ५० गुण: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण मताला १०. दिसण्याला फक्त तीन, हे मला आवडलं. बाटलीवरच्या चित्राला शून्य, हे त्याहून आवडलं.

ओतायचं काम ताईकडे. ती स्वतः घेत नाही आणि या कामासाठी हीच तिची सगळ्यात मोठी पात्रता. तिची अट एकच: "बाटल्यांकडे बघायचं नाही. पेला येईल, तेवढाच तुझा." बिअरचा प्रकार मला कळेल, ब्रुअरी कळणार नाही. पेल्यांवर तीन आकडी नंबर, कारण १-२-३ किंवा अ-ब-क लिहिलं की पहिला तो वरचढ असं मन धरूनच चालतं. नंबरांची यादी तिच्या पाकिटात.

जमवल्या होत्या एकोणतीस. त्यांतल्या पाचांवर भरल्याची तारीखच छापलेली नाही, म्हणून त्या बाजूला काढल्या. उरलेल्या फ्रिजमध्ये, उभ्या.

८ जानेवारी

आज फक्त पेले धुतले. हसू येईल, पण अख्खी संध्याकाळ गेली. पेला स्वच्छ आहे का हे कळायला आतून ओला करून उपडा धरायचा: पाण्याचा सलग पडदा राहिला तर स्वच्छ, थेंब तुटून वेगळे झाले तर काचेवर तेलाचा किंवा साबणाचा अंश आहे. अशा पेल्यात बुडबुडे काचेला चिकटून बसतात आणि फेस बघता बघता मरतो. मग आपण लिहितो, ‘फेस टिकत नाही’, आणि दोष ब्रुअरीच्या माथी. सहापैकी चार पेले नापास झाले.

११ जानेवारी

पहिली बैठक. तिन्ही फिकट सोनेरी: एक पिल्सनर, एक कोल्श (जर्मनीतल्या कोलोनची) पद्धतीची, एक हलकी एल, म्हणजे कोमट तापमानाला आंबवलेली बिअर.

पिल्सनरपासून सुरुवात करण्यामागे थोडी भक्तीही होती. योसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसानं ५ ऑक्टोबर १८४२ रोजी चेक प्रदेशातल्या पिल्सेनमध्ये पहिली फिकट लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) लावली. तिथलं अतिशय मृदू पाणी, फिकट माल्ट (मोड आणून सुकवलेला सातू) आणि झाटेक या चेक गावचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) असा मेळ बसला आणि पुढे जगभरच्या बिअरचा रंगच बदलला. साधी दिसते, पण हिच्यात चूक लपवायला जागा नसते. करपलेल्या माल्टचं पांघरूण नाही, हॉप्सचा गोंगाट नाही.

४१७: ३६ गुण. ५८२: ३३. २०९: ३४.

आणि मग लिहिलेलं वाचलं. तिन्हींबद्दल मिळून माझे शब्द असे: ‘छान, ताजी, संतुलित, हलकी, किंचित कडू, पुन्हा प्यावीशी.’ तिन्ही नोंदींची अदलाबदल केली तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

१५ जानेवारी

बैठक नाही. शब्दांचं काम.

मॉर्टेन मायलगार्ड या संशोधकाचं नाव बिअरच्या चवींच्या चक्राशी (चवी-वासांची नावं गटवार मांडलेलं वर्तुळ) जोडलेलं आहे. १९७० च्या दशकात ब्रुअर मंडळींना एक भाषा हवी होती: एकानं ‘लोणी’ म्हटलं तर दुसऱ्याला तेच संयुग कळावं. त्या चक्राचं भाषांतर करायला बसलो आणि तासाभरात सोडून दिलं. आपल्याकडे शब्द कमी नाहीत, उलट जास्त आहेत. मीच ते वापरत नव्हतो.

मी ज्याला सरसकट ‘कडू’ म्हणत होतो त्याचे निदान चार तुकडे पडतात. हॉप्सचा तो कडू. माल्ट काळा होईपर्यंत भाजला की येतो तो करपट. माल्टची टरफलं फार गरम पाण्यात राहिली की जीभ आवळते ती तुरट. ही चवीपेक्षा स्पर्शाची गोष्ट. आणि अल्कोहोल जास्त असलं की घशाशी चढतो तो जहाल. चारही वेगळ्या कारणांनी येतात आणि चारही ठिकाणी मी आजवर ‘कडू’ लिहून मोकळा झालो.

वासाचंही तसंच. खमंग, खरपूस, धुरकट, कुबट, आंबूस, खवट, उग्र. ‘खवट’ तर फार कामाचा: जुन्या, नीट न साठवलेल्या हॉप्सना जो वास येतो त्याला इंग्रजीत चीज म्हणतात, मला ‘खवट’ एका झटक्यात कळतो. ‘ओशट’ हा तोंडातल्या स्पर्शासाठी ठेवला. वायूसाठी ‘चुरचुरीत’ आणि ‘मिळमिळीत’ ही दोन टोकं. आणि चव संपल्यावर मागे राहते तिच्यासाठी ‘रेंगाळते’, पण सोबत काय रेंगाळतं हे लिहिणं सक्तीचं.

‘छान’, ‘मस्त’, ‘संतुलित’ हे तीन शब्द वहीतून हद्दपार. ‘संतुलित’ जाताना जरा दुःख झालं.

१८ जानेवारी

गव्हाच्या तीन बिअर. पेला नाकाशी नेला की पिकलेलं केळं आणि लवंग. बिअरमध्ये केळं नाही, लवंगही नाही. दोन्ही यीस्टची करणी. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा, लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायकॉल या फिनॉलचा. दोहोंचं प्रमाण यीस्टची जात, आंबवण्याचं तापमान आणि किती यीस्ट घातलं यांवर हलतं, म्हणून एकाच प्रकारच्या तीन बाटल्यांत तीन स्वभाव सापडतात.

७३१ मध्ये केळं इतकं पुढे की बाकी काही ऐकूच येईना. ३६४ मध्ये लवंग आधी, मग ताज्या पावाच्या कवचासारखा खरपूसपणा, शेवट कोरडा आणि चुरचुरीत. ही आवडली. ३९. ‘आवडली’ हा शब्द हद्दपार करायचा की नाही ते ठरलेलं नाही.

२२ जानेवारी

सर्दी. बाटल्या बंद.

२५ जानेवारी

सर्दी अजून आहे, पण तिचा उपयोग करून घेतला. ३६४ चा उरलेला अर्धा पेला ताईनं झाकून ठेवला होता, तो मिळमिळीत झालाय, तरी घोट घेऊन पाहिला. किंचित गोड, किंचित आंबट, बारीक कडू. बस. केळं गायब, लवंग गायब. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो, हे वाचलेलं होतं, आज भोगलं. जिभेच्या टोकाला गोड आणि मुळाशी कडू असा नकाशा शाळेत काढायला लावायचे, तोही चूकच. कडू जिभेच्या टोकालाही कळतं.

२९ जानेवारी

६५८, फिकट एल. वास ठीक, संत्र्याची साल, थोडी पाइनची डिंकट छटा. घोट घेतला आणि जिभेवर ओशट थर. वितळलेलं लोणी. पुन्हा वास घेतला, तर आता तिथेही लोणी.

हे डायअसेटिल. यीस्ट आंबवताना जे एक संयुग बाहेर टाकतं, त्याचं पेशीबाहेर डायअसेटिल होतं. आणि काम संपत आलं की तेच यीस्ट ते परत शोषून घेऊन निरुपद्रवी करतं. मात्र त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. शेवटी दोन-तीन दिवस तापमान थोडं वाढवून थांबणं एवढाच उपाय. घाई करून टाकी गार केली की यीस्ट झोपतं आणि लोणी बाटलीत येतं.

पण इथे दुसरीही शक्यता आहे. हॉप्स भरपूर आहेत आणि ते आंबवण झाल्यावर कच्चे घातलेले वाटतात. हॉप्ससोबत काही विकरंही (एन्झाइम) येतात. यीस्टला न पचलेल्या लांब साखळीच्या शर्करा ती तोडतात आणि निजलेलं आंबवण हळूच पुन्हा सुरू होतं. त्यात पुन्हा डायअसेटिल. म्हणजे ब्रुअरनं घाई केलेली नसेलही. एकच बाटली खराब निघाली असंही असेल, म्हणून ताईला दुसरी उघडायला लावली. तीच ओशट चव. २२ गुण.

परीक्षणात ‘घाई केली’ असं लिहिणार होतो, ते खोडलं. मला लोण्याचा वास आला एवढंच मला माहीत आहे.

काही लोकांना हे लोणी लागतच नाही, आणि तो त्यांचा दोष नव्हे. मला मात्र वाजवीपेक्षा जास्त लागतं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. वाचणाऱ्याला परीक्षकाचा चष्म्याचा नंबर माहीत असावा.

२ फेब्रुवारी

आज ताईनं पाकीट उघडलं. अर्धं.

"अरे, ३६४ आणि ८१२ बघ जरा."

बघितलं. ३६४, १८ जानेवारी, ३९ गुण: ‘लवंग आधी, मग पावाचं कवच, शेवट कोरडा.’ ८१२, काल, ३१ गुण: ‘पातळ, लवंग बेताची, शेवट तुटक.’

"एकच बिअर आहे," ती म्हणाली. "एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या."

आठ गुणांचा फरक. परीक्षकांच्या भाषेत ‘उत्कृष्ट’ आणि ‘खूप चांगली’ यांच्यातलं अंतर. पहिलं कारण शोधायला मला दहा सेकंदही लागले नाहीत: ८१२ च्या आधी मी काळी, साडेनऊ टक्के अल्कोहोलची दणकट स्टाउट घेतली होती. तिच्यानंतर गव्हाची बिअर पाणीच लागणार. क्रम चुकला. पण क्रम मीच लावला होता, आणि ८१२ चं परीक्षण लिहिताना माझा हात जराही अडखळला नव्हता. ‘शेवट तुटक’ हे शब्द वाचून मलाच पटत होतं.

तिनं हे मला न विचारता केलं म्हणून थोडा वेळ चिडलो. मग विचारून केलं असतं तर काय उपयोग, हे लक्षात आलं.

५ फेब्रुवारी

त्रिकोणी चाचणी करायची ठरलं. तीन पेले, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा कुठला, तेवढं सांगायचं. मांडणीचे क्रम सहा होतात आणि ते उलटसुलट फिरवायचे. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून आठ फेऱ्यांत दोन-तीन बरोबर येण्याला अर्थ नाही. ताईनं गणित मांडलं: आठपैकी सहा किंवा जास्त नुसत्या अंदाजानं येण्याची शक्यता सुमारे २ टक्के. पाच किंवा जास्त येण्याची जवळपास ९ टक्के. म्हणून किमान सहा, तरच मानायचं.

हे गणित बिअरपासून फार लांबचं नाही. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायची प्रसिद्ध टी-चाचणी विल्यम गॉसेटची. तो डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होता आणि १९०८ साली त्यानं तो निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापला. सातूचे आणि हॉप्सचे मोजके नमुने हाती घेऊन निर्णय करायचे म्हणून एका ब्रुअरीच्या नोकराला हे सुचलं. माझ्याकडे तर नमुना म्हणून एकच जीभ.

चाचणीसाठी दोन आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची एल) निवडल्या, वेगवेगळ्या प्रदेशांतल्या दोन ब्रुअऱ्यांच्या. एकीला मी ३४ दिले होते, दुसरीला ३९, आणि दोघींतला फरक सांगायला पाऊण पान खर्ची घातलं होतं. आठ फेऱ्या, प्रत्येकी तीन पेले, पेल्यात ३० मिली. म्हणजे ७२० मिली. एका संध्याकाळी नको. चार आज, चार परवा. रंगावरून ओळखू नये म्हणून गडद रंगाचे अपारदर्शक पेले.

आजचे चारपैकी दोन बरोबर.

७ फेब्रुवारी

आज पण दोन. एकूण आठपैकी चार. एवढं किंवा याहून चांगलं नुसत्या अंदाजानं येण्याची शक्यता २६ टक्के. म्हणजे माझं पाऊण पान दोन बिअरमधल्या फरकाबद्दल होतं की माझ्या दोन संध्याकाळींबद्दल, हे या आकड्यावरून सांगता येणार नाही. त्यावर आडवी रेघ मारली. वाक्यं चांगली होती.

१० फेब्रुवारी

दरम्यान एक छोटी गोष्ट. स्टाउट फ्रिजमधून काढून लगेच घेतली तर करपट, कोरडी, बोथट. त्याच पेल्याला तासभर बाहेर ठेवलं, थर्मामीटरवर १३ अंश आले, तेव्हा कोको, मनुका आणि शेवटी हलकी आंबट ऊब. थंडी वासाला कोंडून ठेवते. यापुढे फिकट लागर ६ अंशांच्या आसपास, एल १० च्या, काळ्या आणि दणकट १३ च्या.

बाटलीवरच्या आयबीयूच्या आकड्याबद्दलही लिहून ठेवतो. लिटरला किती मिलिग्रॅम कडू आम्ल आहे, त्याचं ते माप. आजच्या स्टाउटवर ६० होते आणि ती जिभेला पिल्सनरपेक्षा सौम्य लागली, कारण मागे गोडवा भरपूर. आकडा द्रवातल्या कडूपणाचा, तोंडातल्या नव्हे.

१४ फेब्रुवारी

आता ज्याचा उपयोग होईल अशी चाचणी. आयपीए एकच, ब्रुअरी एकच. एक कॅन भरून तीन आठवडे झालेला, सतत थंड. दुसरा पाच महिन्यांचा, त्यातला शेवटचा महिना मी मुद्दाम फ्रिजबाहेर, बंद कपाटात ठेवलेला. पेले तेच गडद, दिवस दोन.

आठपैकी आठ.

पहिल्या तीन फेऱ्यांत विचार करावा लागला, चौथीपासून नुसता वास पुरला. ताज्यात आंब्यासारखा, ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा भपकारा. जुन्यात तो ओसरलेला, त्याच्या जागी पाकासारखा गोडसरपणा आणि मागून ओला पुठ्ठा. या पुठ्ठ्याला ट्रान्स-२-नोनेनाल असं नाव आहे आणि अब्ज भागांत एका भागाच्या दहाव्या हिश्शाएवढं असलं तरी नाकाला कळतं. उष्णता आणि प्राणवायू दोन्ही त्याला मदत करतात.

मग उन्हाचीही परीक्षा घेतली. हिरव्या बाटलीतली पिल्सनर अर्धा तास उन्हात, दुसरी अंधारात. इथे त्रिकोणाची गरजच पडली नाही, ताईनं ओतताना लांबूनच नाक मुरडलं. प्रकाश हॉप्सच्या कडू घटकांना तोडतो आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. त्याला इंग्रजीत ‘स्कंक’ म्हणतात. मी हा प्राणी आयुष्यात हुंगलेला नाही; मला जळकं रबर आणि शिळी कॉफी आठवली. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळपास नाहीच. कॅनला ही भानगडच नाही.

वहीत सगळ्या बिअरपुढे भरल्याची तारीख आणि चाखल्याची तारीख असे दोन रकाने वाढवले. एकवीस आठवड्यांच्या एका आयपीएला मी ‘हॉप्समध्ये हात आखडलेला’ लिहिलं होतं. ती नोंद रद्द. हात ब्रुअरनं आखडला नव्हता, बाटली माझ्याकडे यायला उशीर झाला होता.

२० फेब्रुवारी

आजची बैठक सगळ्यात चांगली. एक धुरकट, एक रानटी यीस्टची आंबट.

धुरकट बिअर म्हटलं की जर्मनीतलं बांबेर्ग. तिथे बीच लाकडाच्या धुरावर माल्ट सुकवायची पद्धत टिकून आहे. कधीकाळी विस्तवावर सुकवलेला बहुतेक माल्ट थोडाफार धुरकट असायचाच. आजची ५४० त्याच पद्धतीची. पहिल्या घोटाला राख. दुसऱ्याला चुलीजवळ वाळत टाकलेलं लाकूड. इथे माझा १०० मिलीचा नियम आडवा आला. नाक धुराला सरावतं आणि मग खालचा माल्ट वर येतो; त्याला अर्धा पेला तरी लागतो. नियम मोडून पूर्ण बाटली घेतली, दुसरं काही उघडलं नाही... नंतर तासाभरानं उघडलं. तिसऱ्या पेल्याला धूर मागे गेला होता आणि भाजलेल्या पावासारखा गोडवा समोर होता.

आंबट होती ती लँबिकच्या वाटेनं जाणारी. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात उकळलेला रस थंडीच्या दिवसांत उघड्या, पसरट भांड्यात रात्रभर ठेवतात, हवेतले आणि पिंपातले जीव त्यात शिरतात, आणि मग वर्ष ते तीन वर्षं लाकडी पिंपात. त्यातलं एक यीस्ट ब्रेटानोमायसिस. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लाउसननं त्याचं नाव जाहीर केलं आणि नावाचा अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’, कारण त्याला ते जुन्या इंग्रजी एलमध्ये सापडलं होतं. वास तबेल्याचा, कमावलेल्या चामड्याचा. वाचायला भयंकर आहे, पेल्यात नाही.

या दोघींमुळे ‘प्रादेशिक’ या शब्दावर थांबलो. चोवीसपैकी बऱ्याच बाटल्यांवर प्रदेशाचं नाव मोठ्या अक्षरात आहे. पण हॉप्स समुद्रापलीकडचे, माल्ट बाहेरचा, यीस्ट प्रयोगशाळेचं. पाणी तरी तिथलं म्हणावं, तर तेही क्षार घालून हवं तसं करता येतं. इंग्लंडमधल्या बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्याची नक्कल दुसरीकडे होऊ लागली त्याला शंभरावर वर्षं झाली. कोल्श हे नाव १९९७ पासून युरोपात संरक्षित आहे, कोलोन परिसराबाहेरच्यानं ते लावायचं नाही. पण ते नावाचं रक्षण. चवीत प्रदेश कुठे दिसला, तर या चोवीसांत माझ्या मते दोनच ठिकाणी: या आंबट बिअरच्या पिंपांत, आणि एका ब्रुअरीत जी आपलं यीस्ट वर्षानुवर्षं स्वतःच वाढवते. बाकी ठिकाणी प्रदेश म्हणजे पत्ता. पत्ता वाईट नसतो. जवळची बिअर ताजी मिळते, आणि १४ तारखेनंतर मी ताजेपणापुढे फारसा वाद घालत नाही.

२७ फेब्रुवारी

सगळी परीक्षणं पुन्हा लिहिली. गुणांचा रकाना काढून टाकला. ताईनं आणखी दोन जोड्या लपवल्या होत्या. एकीत दोन गुणांचा फरक, दुसरीत पाचांचा. पाच गुण इकडेतिकडे होणार असतील तर ३४ आणि ३७ छापून वाचणाऱ्याला कशाला फसवायचं?

जुनी नोंद, ४१७: ‘छान, ताजी पिल्सनर. संतुलित. ३६.’

नवी: ‘भरल्यावर सात आठवड्यांनी, ६ अंशांवर. फेस दाट, पेला संपेपर्यंत काचेवर जाळी. वास ओल्या गवताचा, मागे किंचित उकडलेला मका. दुसऱ्या बाटलीतही होता. चव कोरडी, कडूपणा जिभेच्या कडेनं सुरू होऊन घोटभर रेंगाळतो, तुरट होत नाही. मक्याची छटा ज्यांना खटकते त्यांनी दुसरी बघावी. मला खटकली नाही.’

उकडलेला मका हा डीएमएस, फिकट माल्टमधून येतो आणि झाकण न ठेवता नीट उकळलं की बराचसा वाफेबरोबर निघून जातो. ११ जानेवारीला तो माझ्या नाकाखाली होता आणि मी ‘ताजी’ लिहिलं.

३ मार्च

वही बंद. चोवीसपैकी बावीस परीक्षणं पूर्ण. ६५८ चं रोखून धरलं आहे. ती ज्या तुकडीतली होती तिच्यानंतरची तुकडी मागवली आहे, लोणी आहे की गेलं ते बघून मगच लिहीन. आणि साडेनऊ टक्क्यांच्या स्टाउटची एक बाटली ठेवून दिली, पुढच्या जानेवारीसाठी. तिच्यावर ताईनं चिठ्ठी चिकटवली आहे आणि चिठ्ठीवर तीन आकडी नंबर. मी विचारलं, एकच बाटली आहे, हिला नंबर कशाला?

"एकच आहे असं तुला कुणी सांगितलं?" म्हणाली, आणि पाकीट कपाटात टाकून किल्ली घेऊन गेली.